‘मॅडम, रिसर्चला वेळ कुठून आणू?’

गेल्या दोन महिन्यांत एकाच विषयावरची, म्हणजे रोजचं काम सांभाळून रिसर्च कसा करायचा यावरची, इतकी पत्रं आणि मेल साठलेत की म्हटलं या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकू. लिहिणारे कोण, तर फिजिओथेरपिस्ट, लॅबवाले, डाएटिशियन, स्पीच थेरपिस्ट, म्हणजे हॉस्पिटलात डॉक्टर आणि सिस्टर सोडून जी मंडळी दिवसभर पेशंटला हात लावत असतात ती सगळी. सरकारी कागदावर यातल्या बऱ्याच जणांना संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणतात, वॉर्डात ‘ते पॅरामेडिकलवाले’ म्हणतात, आणि हा शब्द आमच्यापैकी कुणालाच आवडत नाही हे एकदा सांगून टाकते. मी स्वतः तीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपी (आजारानंतर रोजची कामं परत जमावीत म्हणून देतात ती) केली आणि शिकवली, त्यामुळे उत्तरं जरा त्या बाजूला कललेली असणार, सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्याजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये सहा वर्षं फिजिओ आहे. एमपीटी (फिजिओथेरपीतलं मास्टर्स) झालंय. रोज ३५-४० पेशंट, त्यात आयसीयूचे राउंड. आता मॅनेजमेंट म्हणतंय तुमच्या डिपार्टमेंटमधून रिसर्च झाला पाहिजे. मी आयुष्यात एकच रिसर्च केला, तो थीसिस, त्याचा विषयसुद्धा गाइडनी दिला होता. टॉपिक कुठून आणू आणि वेळ कुठून आणू? घरी साडेसातला पोचते, मुलगी तिसरीत आहे. – एक फिजिओ, सातारा जिल्हा

उत्तर : अगं (मुलगी तिसरीत म्हणजे तू मला मुलीसारखीच, ‘तुम्ही’ जमत नाहीये), आधी तो ‘टॉपिक’ शब्द डोक्यातून काढ. टॉपिक हा थीसिसचा रोग आहे. युनिव्हर्सिटीची तारीख जवळ आली की गाइड म्हणतात ‘इफेक्ट ऑफ अमुक व्हर्सेस तमुक ऑन पेन अँड रेंज ऑफ मोशन’, की आपण तीस पेशंट गोळा करतो, पंधरा इकडे पंधरा तिकडे, आणि बाइंडिंग करून लायब्ररीत ठेवून देतो, परत कोणी उघडत नाही. तुला टॉपिक शोधायचा नाहीये, तुला रोज जे खटकतं ते लिहून काढायचंय.

माझंच सांगते. नव्वदच्या दशकात मी मुंबईत एका मोठ्या सार्वजनिक हॉस्पिटलमध्ये होते. मनगटाच्या फ्रॅक्चरच्या बायका, पन्नाशी-साठीच्या, प्लास्टर काढलं की आमच्याकडे यायच्या, हात सुजलेला, बोटं लाकडासारखी. दोनदा यायच्या आणि गायब. आम्ही केसपेपरवर काय लिहायचो माहितीये? ‘पेशंट नॉट मोटिव्हेटेड.’ मी स्वतः लिहिलंय, माझ्या अक्षरात. मग एक इंटर्न आली, जरा आगाऊ होती, ती म्हणाली मॅडम आपण विचारलंय का त्यांना? तेव्हा घरोघरी फोन नव्हते, म्हणून आम्ही पोस्टाची जोडकार्डं आणली, म्हणजे अर्धं आपण लिहून पाठवायचं आणि उत्तराचं अर्धं कोरं, तिकीट लागत नाही. रजिस्टरमधून पत्ते काढून तीसेक कार्डं टाकली, डझनभर परत आली. काही मुलांच्या, सुनांच्या अक्षरात. त्यातल्या बऱ्याच जणींचं म्हणणं एकच होतं, तुमची ओपीडी नऊ ते अकरा आणि आमच्या चाळीत नळाला पाणी येतं साडेनऊला. हात दुखतो म्हणून कोणी पाणी भरून देत नाही. बस! मोटिव्हेशन वगैरे काही नाही, पाणी. आम्ही आठवड्यातून तीन दिवस दुपारी दोनचा स्लॉट काढला आणि निम्म्या तरी बायका टिकायला लागल्या.

तो रिसर्च होता का, तर कागदावर नव्हता. आम्ही आधीचे आकडे नीट मोजून ठेवले नव्हते, त्यामुळे ‘निम्म्या’ हे मी आज अंदाजानेच म्हणतेय, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. छापायला काहीच उरलं नाही. पुढच्या कुठल्या थेरपिस्टला ते कळलंच नाही, ती बिचारी परत ‘नॉट मोटिव्हेटेड’ लिहीत बसली असेल. प्रश्न आमच्याकडे होता, उत्तर होतं, मोजमाप नव्हतं. तुझ्याकडे एमपीटी आहे म्हणजे मोजमाप येतं. प्रश्न तुझ्या रजिस्टरमध्ये आहे.

तर असं कर. पुढचे दोन आठवडे ओपीडीच्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेव आणि जेव्हा जेव्हा मनात ‘हे असं का होतं’ येईल तेव्हा एक ओळ लिही. गुडघा बदललेले पेशंट तुझ्याकडे येत असणारच, सातारा जिल्ह्यात ऊस आहे, म्हणजे तोडणीच्या दिवसात किती जण येणं थांबवतात? घरी जाऊन किती जण खाली मांडी घालून बसतात, तू नको म्हटलेलं असताना? भारतीय संडासाचं काय करतात, खुर्ची विकत घेतात की शेजाऱ्यांकडे जातात? यातला एकही प्रश्न परदेशातल्या जर्नलवाल्यांना सुचणार नाही, कारण त्यांच्याकडे तो प्रश्नच नाही. वहीत वीस ओळी झाल्या की त्यातली एकच निवड, आणि ती अशी निवड की तिचं उत्तर तुला तसंही रोज जे लिहावं लागतं त्यातूनच मिळेल. टाइम्ड अप अँड गो तू करतेसच ना, खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, घड्याळ लावून? ते पहिल्या दिवशी आणि सहाव्या आठवड्याला प्रत्येकाचं, न चुकता, एकाच खुर्चीवरून (हे खुर्चीचं हसण्यावारी नेऊ नकोस, आमच्याकडे एकदा कोणीतरी हातांची खुर्ची प्लास्टर रूममध्ये नेली आणि दोन आठवडे सगळे बिनहाताच्या स्टुलावरून मोजत होते).

वेळेचं. खरं सांगते, घरी जाऊन रात्री दहाला करीन असं ठरवू नकोस, नाही होत, आणि झालं तरी ते तुझ्या मुलीच्या वेळेतून होतं. मॅनेजमेंटला रिसर्च हवाय ना, मग मॅनेजमेंटकडे लेखी माग, आठवड्यातून दोन तास, ठरलेला वार, त्या वेळात पेशंट बुक होणार नाही, दुसरी फिजिओ बघेल. लेखीच माग, तोंडी हो म्हणतात आणि बुधवारी पेशंट उभा राहिला की ‘आज एवढं बघून घ्या’. नाही म्हणाले तर त्यांना रिसर्च नकोय, फाइलमध्ये एक ओळ हवीये, हे तुला कळेल आणि तेही कळलेलं बरं.

आणि एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणारी समिती. तू हे फक्त स्वतःच्या डिपार्टमेंटचं काम सुधारायला करत असशील तर ते ऑडिट. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात संस्थेतल्या अशा गुणवत्ता तपासणीच्या ऑडिटला रिव्ह्यूमधून सूट मिळू शकते, पण मेख अशी की सूट आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं, कमिटी ठरवते. म्हणून एक पानाचं पत्र आधी द्यायचं. काम झाल्यावर, छापायच्या वेळी, मागच्या तारखेचं पत्र मागायला जाऊ नकोस, चांगली कमिटी देत नाही आणि देणारी कमिटी चांगली नाही. तुमच्या ट्रस्टला स्वतःची कमिटी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीशी करार करता येतो, तशी सोय आहे त्या नियमात.

प्रश्न : आम्ही लॅब टेक्निशियन. गेल्या वर्षी एका डॉक्टर साहेबांच्या पेपरसाठी मी आणि माझ्या सहकाऱ्याने दोन महिने जुने रिपोर्ट काढून एक्सेल भरून दिलं, ड्युटीनंतर थांबून. पेपर छापून आला, सहा नावं आहेत, त्यात आमचं नाही. हे बरोबर आहे का? आणि टेक्निशियनने रिसर्च करायचाच नसतो का? – डीएमएलटी, जळगाव

उत्तर : दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर तुम्हाला फारसं आवडणार नाही. मेडिकल जर्नलच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय कमिटी आहे तिच्या चार अटी आहेत, लेखक म्हणून नाव लागायला चारही पूर्ण व्हाव्या लागतात. एक, कल्पनेत किंवा आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा. दोन, मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याची दुरुस्ती करणं. तीन, छापण्याआधी शेवटच्या प्रतीला मान्यता. चार, पेपरमधल्या सगळ्याची जबाबदारी घेणं. आता नुसतं एक्सेल भरलं तर पहिली अट कशीबशी होते, बाकीच्या तीन नाही. म्हणजे तुमचं नाव आभारात यायला हवं होतं, तेवढं तरी नक्की, आणि ते नसेल तर चूक आहे. पण त्या सहा नावांपैकी किती जणांनी चारही अटी पूर्ण केल्या हे मी विचारत नाही, तुम्हीही कॅन्टीनमध्येच विचारा.

यातून घ्यायचं ते हे की पुढच्या वेळी एक्सेल उघडण्याआधी बोला. ‘सर, आम्ही डेटा काढतो, पण आखणीच्या मीटिंगला बसतो आणि मसुदा वाचायला द्या, मग नाव लागेल का?’ एवढं वाक्य. आधी बोललं तर ती गोष्ट साधी असते, नंतर बोललं की भांडण होतं.

दुसरा प्रश्न ऐकून मला रामचंद्र शर्मा आठवले. जयपूर फूट तुम्हाला माहीत असेल, १९६८ च्या सुमाराला तयार झाला. डॉ. प्रमोद करण सेठी यांचं नाव सगळ्यांना माहीत, १९८१ चा मॅगसेसे त्यांना मिळाला, योग्यच होता. पण तो पाय हातानं घडवणारे मास्टरजी रामचंद्र शर्मा हे कारागीर होते, शिक्षण जेमतेम. तेव्हा मिळणारा परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालायचा होता, त्यावर उकिडवं बसता यायचं नाही, चिखलात अनवाणी जाता यायचं नाही, म्हणून पेशंट तो काढून कोपऱ्यात ठेवायचे आणि परत कुबड्या घ्यायचे. हे दुखणं नेमकं ओळखणं, मग रबर घालून बघ, लाकूड घालून बघ, पेशंटला चालवून बघ, परत तोड आणि परत कर, याला रिसर्च नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे हा मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नाचाच मोठा भाऊ आहे.

आता तुमच्या टेबलावरचं. लॅबमधल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त चुका सॅम्पल मशीनमध्ये जायच्या आधी झालेल्या असतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. हिमोलाइज्ड, म्हणजे रक्तपेशी फुटलेलं, सॅम्पल तुम्ही रोज परत पाठवता, बरोबर? सेंट्रिफ्यूज केल्यावर वर पिवळसर पाणी यायच्या ऐवजी लालसर येतं आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दाखवतं. कुठल्या वॉर्डातून जास्त येतात ते तुम्हाला तोंडपाठ असेल, पण लिहिलेलं आहे का? तीन महिने फक्त एवढंच लिहा : तारीख, वॉर्ड, शिफ्ट, आणि रक्त सुईसिरिंजने काढून नंतर सुईतूनच ट्यूबमध्ये जोरात ढकललं का थेट व्हॅक्यूम ट्यूबमध्ये घेतलं. मग त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सोबत घ्या (सोबत, त्यांच्यावर बोट ठेवून नाही, नाहीतर चौथ्या महिन्यात तुमचं कोणी ऐकणार नाही), एक छोटं ट्रेनिंग करा, परत तीन महिने लिहा. हा पेपर तुमचाच, त्यात पहिलं नाव तुमचं. एथिक्सचं पत्र द्यायला विसरू नका, वर साताऱ्याच्या ताईंना लिहिलंय ते वाचा.

आणि ‘करायचाच नसतो का’ म्हणाल तर, २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केलाय, पन्नासच्या वर व्यवसाय त्यात आहेत, लॅबवाले आहेत, रेडिओलॉजीवाले आहेत, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. कायद्यानं तुम्हाला व्यावसायिक म्हटलंय. अंमलबजावणी आपल्याकडे कशी चालते ते मी सांगायला नको, पण स्वतःला ‘आम्ही काय, टेक्निशियन’ म्हणणं तरी थांबवा.

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात प्रशासनात आहे. आम्ही दरवर्षी थेरपी, लॅब, डाएट, रेडिओलॉजी या सगळ्या स्टाफसाठी दोन दिवसांची रिसर्च मेथडॉलॉजी कार्यशाळा घेतो. बाहेरून तज्ज्ञ येतात, सत्तर-ऐंशी जण बसतात, फीडबॅक उत्तम येतो. चार वर्षं झाली, एकही पेपर नाही. स्टाफमध्ये इच्छाच नाही का? – एक वैद्यकीय अधीक्षक

उत्तर : साहेब, मी अशा कार्यशाळांत तज्ज्ञ म्हणून जाऊन आलेली आहे, शाल-श्रीफळ घेतलेलं आहे, त्यामुळे हे मी स्वतःविरुद्धच बोलतेय असं समजा. पहिल्या दिवशी दुपारी जेवणानंतर पी-व्हॅल्यू (दिसलेला फरक नुसत्या योगायोगानंही किती सहज दिसू शकतो, त्याचा आकडा). पनीरची भाजी, गुलाबजाम आणि मग पी-व्हॅल्यू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. तिसऱ्या दिवशी तीच फिजिओ परत ४० पेशंट बघतेय. तिनं पी-व्हॅल्यू कुठे वापरायची?

इच्छा नाही असं मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये जो कूक यांनी २००५ साली आरोग्यसेवेतली संशोधनक्षमता कशी जोखायची याची एक चौकट मांडली, तिच्यात कौशल्य आणि आत्मविश्वास हा सहापैकी फक्त एक भाग आहे. बाकीचे बघा : रिसर्च रोजच्या कामाच्या जवळचा असणं, दुसऱ्यांशी जोडलेलं असणं, जे सापडलं ते योग्य लोकांपर्यंत पोचवणं, काम मध्येच न तुटता चालू राहणं, आणि पायाभूत सोयी. आपल्या कार्यशाळा तो एक भाग घासूनपुसून लख्ख करतात आणि उरलेल्या पाचांना हात लावत नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या लोकांनी एक प्रश्नावली केलीये, २०१२ मध्ये आली, ती तीन पातळ्यांवर विचारते, व्यक्ती, टीम आणि संस्था. म्हणजे ‘तुला पेपर शोधता येतो का’ एवढ्यावर न थांबता ‘तुमच्या टीमचा प्रमुख रिसर्चला पाठिंबा देतो का, संस्था वेळ आणि पैसा देते का’ हेही विचारते. ही तुमच्या स्टाफला भरायला द्या, नावं न लिहिता, आणि तिसऱ्या पातळीचे मार्क आधी वाचा.

मला विचाराल तर पुढच्या वर्षीची कार्यशाळा रद्द करा. ऐंशी जणांऐवजी चार जण निवडा, त्यांच्याकडून एक पानावर एक प्रश्न लिहून घ्या, आणि कार्यशाळेच्या पैशातून त्या चौघांच्या आठवड्याच्या दोन-दोन तासांची बदली माणसं द्या. ड्युटी रोस्टरमध्ये छापलेले दोन तास, हे सगळ्यात महाग आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे, आणि नेमकं तेवढंच कोणी देत नाही. मग त्यांच्याजवळ बसेल असं एक माणूस. तुमच्याकडे मेडिकल कॉलेज असेल तर पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) डिपार्टमेंटमध्ये स्टॅटिस्टिशियन असतात, ते बहुतेक पीजींच्या थीसिसनं कावलेले असतात, पण महिन्यातून एक दुपार ठरवून दिली तर येतात, फक्त डेटा गोळा झाल्यावर नाही, आधी. डेटा घेऊन स्टॅटिस्टिशियनकडे जाणं म्हणजे भात करपल्यावर पाणी किती घालू विचारणं.

बाकीच्या गोष्टी तुलनेनं फुकट आहेत. चेन्नईच्या आयसीएमआरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचा हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स नावाचा ऑनलाइन कोर्स एनपीटीईएल या आयआयटींच्या वेबसाइटवर फुकट आहे, तो फक्त डॉक्टरांसाठी नाही. फिजिओंसाठी पेड्रो म्हणून ऑस्ट्रेलियाचा डेटाबेस १९९९ पासून मोफत चालू आहे, त्यात एकेका ट्रायलला १० पैकी मार्क दिलेले असतात, म्हणजे कुठला पेपर किती भरवशाचा हे नवख्यालाही कळतं. तुमचं रुग्णालय सरकारी संस्थेचं असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नल्स मोफत वाचायला देणाऱ्या सरकारी योजनेत आहे का ते लायब्ररीत विचारा, १ जानेवारी २०२५ पासून चालू झालंय, केंद्रानं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स. गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी पासवर्ड फक्त प्राध्यापकांपर्यंत पोचलाय आणि थेरपिस्ट अजून मित्राकडून पीडीएफ मागतोय. हे एक तुम्ही एका सर्क्युलरनं सोडवू शकता.

आणि कृपा करून ‘आपल्याकडे अलाइडवाल्यांत ती परंपराच नाही’ असं म्हणू नका (तुम्ही म्हटलेलं नाही, पण अधीक्षक लोक म्हणतात). १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा काढली. बाई जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा पहिल्या दहा देशांत भारत होता. पंच्याहत्तर वर्षं झाली की. परंपरा आहे, रोस्टरमध्ये तिला जागा नाही.

प्रश्न : मी डाएटिशियन. मला रोज दोन-तीन ईमेल येतात, ‘रिस्पेक्टेड डॉक्टर, तुमचा अमूल्य लेख पाठवा, चार दिवसांत छापू’. फी पाच-सहा हजारच आहे. प्रमोशनसाठी एक पेपर हवाच आहे. पाठवू का? – नागपूर

उत्तर : नका पाठवू. चार दिवसांत तर लग्नपत्रिकासुद्धा धड छापून होत नाही, त्यातही काकांचं नाव चुकतं. चार दिवसांत छापतो म्हणजे कोणी वाचत नाही आणि जे कोणी वाचलं नाही त्याला पीअर रिव्ह्यू, म्हणजे विषयातल्या जाणकारांनी केलेली तपासणी, म्हणत नाहीत. पूर्वी निदान युजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य जर्नल्सची केअर यादी होती, ती २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता तपासायची जबाबदारी तुमच्यावर आहे. साधी परीक्षा सांगते : त्या जर्नलमधले शेवटचे पाच लेख उघडा आणि स्वतःच्या विषयातला एक पूर्ण वाचा. पाच मिनिटांत कळतं. संपादक मंडळातल्या कुठल्या तरी माणसाच्या संस्थेच्या पानावर जाऊन बघा, तो माणूस खरंच तिथे आहे का. एकदा तिथे छापलेला लेख परत काढता येत नाही आणि चांगलं जर्नल तो मग घेतही नाही, म्हणजे कष्टाचा डेटा गेला तो गेलाच.

प्रश्न : मी स्पीच थेरपिस्ट आहे, मराठवाड्यात. पक्षाघात झालेल्या पेशंटवर छोटा अभ्यास करायचाय. जीवनमानाची जी इंग्रजी प्रश्नावली सगळे वापरतात ती मी मराठी करून वापरली तर चालेल का? आणि संमतीपत्र पेशंट वाचतच नाहीत, मुलगा म्हणतो ‘सही कुठं करायची तेवढं सांगा’. – परभणी

उत्तर : हा माझा आवडता विषय आहे, जरा पसरून लिहिते. जगभर वापरली जाणारी एक प्रसिद्ध छत्तीस प्रश्नांची प्रश्नावली आहे, एसएफ-३६. तिच्या मूळ इंग्रजी रूपात मध्यम श्रमांचं उदाहरण काय दिलंय? टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं. आणि चालण्याबद्दल विचारलंय, एक ब्लॉक (म्हणजे तिकडच्या शहरातलं एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर) चालता येतं का. आता परभणीच्या आजीला तुम्ही गोल्फ विचारणार? मी एकदा असंच कुणीतरी घरी बसून केलेलं भाषांतर पाहिलं, त्यात ब्लॉकला ‘तालुक्याचा गट’ झालं होतं. शपथेवर सांगते. म्हणजे आजी तालुका चालून जाऊ शकतात का असा प्रश्न पडला, आणि आजी नाही म्हणाल्या, आणि ते संशोधनात ‘तीव्र मर्यादा’ म्हणून नोंदलं गेलं.

तर आधी शोधा की त्या प्रश्नावलीचं मान्य मराठी रूप आधीच आहे का, बऱ्याचशांचं असतं, मूळ मालकांकडे लिहून विचारावं लागतं आणि काहींना परवानगी किंवा फी लागते. नसेल तर रीत अशी : दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, एकत्र बसून एक करायचं, मग ज्यानं मूळ पाहिलेलंच नाही अशा तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवायचे. मग आठ-दहा पेशंटना वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘मावशी, मी हे विचारलं म्हणजे तुम्हाला काय कळलं?’ शेवटची पायरी सगळे टाळतात आणि खरी चूक तिथेच सापडते. तुमच्या भागात ‘दम लागतो’ म्हणजे श्वास लागतो, की थकवा येतो? हे तुम्हाला माहीत, पुण्यात बसून भाषांतर करणाऱ्याला नाही. हे सगळं व्यवस्थित लिहून ठेवलंत तर तेवढंच एक स्वतंत्र काम होतं, छापण्यासारखं, आणि महाराष्ट्रातला प्रत्येक स्पीच थेरपिस्ट तुम्हाला दुवा देईल.

संमतीपत्राचं. चार पानं बारीक अक्षरात ‘सदर संशोधन प्रकल्पांतर्गत सहभागी व्यक्तीस’ असं लिहिलं तर मुलगा सही कुठे करू असंच विचारणार, मीही विचारीन. साध्या भाषेत लिहा : आम्ही काय करणार, किती वेळ लागेल, काही त्रास होईल का, नाही म्हणालात तरी उपचार हेच मिळतील. शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा, दोनदा, कारण पेशंटला खरी भीती तीच असते. एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक सदस्य असतो, वैद्यकीय नसलेला, तो नेमका हे वाचण्यासाठीच असतो, त्याला कळलं नाही तर पत्र परत येईल आणि येऊ दे. आणि तुमचा पेशंट पक्षाघाताचा, वाचा गेलेली, म्हणजे बोलता येत नाही पण समजतं अशी माणसं. मुलाची सही घेऊन मोकळं होऊ नका. चित्रं वापरा, हो-नाही चं कार्ड वापरा, ते तर तुमचं रोजचंच काम आहे, याबाबतीत तुम्ही कुठल्याही डॉक्टरपेक्षा पुढे आहात.

अभ्यासात तुम्ही दोन गटांना वेगवेगळी थेरपी देणार असाल तर अजून एक. सीटीआरआयवर (देशातल्या अशा ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी, आयसीएमआरच्या साइटवर होते, फुकट आहे, आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी करायची. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेतच नाहीत. दरवर्षी निदान एक जण मला पेशंट संपल्यावर याबद्दल फोन करतो आणि दरवर्षी मी तेच सांगते, की आता काही होत नाही.

प्रश्न : सॅम्पल साइज ३० चालतं ना मॅडम? सगळे ३० च घेतात. – बीपीटीएच इंटर्न, नाशिक

उत्तर : कोण सगळे? वर्गातले? तीस हा आकडा कुठून आला विचारलं तर कोणी म्हणतं सिनियरनी सांगितलं, सिनियरला त्याच्या सिनियरनी. तुला किती फरक शोधायचाय आणि तुझं मोजमाप किती वरखाली होतं यावर तो ठरतो, कधी १२ पुरतात कधी ३०० लागतात. दोघांमधला फरक फार छोटा असेल तर तीस जणांत तो दिसणारच नाही, मग तू लिहिणार ‘फरक आढळला नाही’ आणि वाचणारा समजणार फरक नाही. एखादा जुना पेपर काढ, त्यातलं सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) घे आणि कॉलेजच्या पीएसएमच्या सरांकडे दुपारी तीननंतर जा, सकाळी जाऊ नकोस, सकाळी ते चिडलेले असतात.